हरकत नसलेला रंग

भिंतीचा रंग बदलला की माणसाचा आवाज खाली येतो, हे वाक्य मानित यांनी बँकॉकच्या प्रशिक्षण शिबिरात ऐकलं, तेव्हा जेवणं नुकतीच आटोपली होती आणि निम्मं सभागृह पेंगत होतं. मानित जागे होते. पुढचं सगळं त्यातून घडलं.

व्याख्यान देणारा तरुण डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत होता. कचेरीतल्या रंगांचं मानसशास्त्र हा त्याचा विषय. निळा मन शांत करतो, हिरवा डोळ्यांना विसावा देतो, पिवळ्यात माणूस हसतमुख राहतो, लाल खोलीत माणूस घाईने निर्णय घेतो, असं त्याने पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं. मधेच कुठल्याशा तुरुंगाची गोष्टही सांगितली. तिथल्या कोठड्या गुलाबी केल्यावर दांडगट कैदी मवाळ झाले म्हणे. काळ्या रंगाने काय होतं, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

मानित कोरातच्या शाखेत प्रशासन प्रमुख होते. शाखा अपघात विम्याची. तिथे येणाऱ्या प्रत्येकाचं काहीतरी मोडलेलं असायचं, कुणाची मोटारसायकल, कुणाचा हात, आणि कंपनी देते आहे ते फार कमी आहे याबद्दल प्रत्येकाची खात्री असायची. दाव्यांच्या खिडकीवरचा आरडाओरडा रस्त्यापलीकडच्या केशकर्तनालयात ऐकू जायचा. तिथला न्हावी गिऱ्हाइकाची मान धरून ठेवायचा आणि म्हणायचा, ‘‘थांबा, आज जोरात चाललंय.’’

तक्रारी बँकॉकच्या मुख्यालयापर्यंत पोचल्या होत्या. सोंगक्रानच्या सणापर्यंत हा गोंधळ थांबला नाही तर दाव्यांची खिडकी खोन केनच्या शाखेत हलवू, असं तिथून कळवलं गेलं होतं. खिडकी गेली की तिच्यामागे मानित जाणार, हेही ठरलेलं होतं. त्यांच्या पत्नीचं, वन्नीचं, जुन्या वेशीपाशी परतलेल्या शेवयांचं चालतं दुकान होतं. बातमी ऐकून ती कढईतली नजर न उचलता म्हणाली, ‘‘जा की. मी आणि आई इथेच आहोत. सुट्टीला येताना धुवायचे कपडे आणू नका म्हणजे झालं.’’

पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे लागतं. त्यामुळे निळ्या रंगाचं नाव ऐकताच मानित खुर्चीत सरळ झाले होते.

शाखेच्या बैठकीच्या दालनात एक लांबलचक भिंत होती. तिच्यापाशी ग्राहकांचं बाक, समोर खिडक्या आणि खिडक्यांमागे कर्मचाऱ्यांची मेजं. भिंतीचा रंग नेमका कोणता, हे कुणाला सांगता येत नसे. उकडलेल्या डाळीत चहा सांडला तर साधारण तसा होईल.

‘‘पण दादा,’’ रोखपाल चाना म्हणाला, ‘‘ग्राहक तर भिंतीला पाठ लावून बसतात. त्यांना रंग दिसणार कसा?’’

‘‘रंग पाठीतूनही काम करतो,’’ मानित म्हणाले. असं शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं. पण प्रस्ताव एकदा मांडला की त्याचा बचाव करावाच लागतो.

शाखाधिकारी अरुणी मॅडम मानित यांच्यापेक्षा वयाने लहान होत्या आणि सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांनी ऐकून घेतलं.

‘‘मानितदादा, कल्पना उत्तम आहे. फक्त निळा नको.’’

‘‘मॅडम, शांततेचा रंगच निळा.’’

‘‘मी रविवारची आहे.’’

एवढ्यावर विषय संपला. ज्याचा जो जन्मवार, त्याला एक रंग लाभतो आणि एक रंग घात करतो. रविवारच्याला निळा घात करतो. हे कोरातमध्ये शाळेत शिकवावं लागत नाही. अरुणी मॅडमना लग्नात कुणीतरी निळी चादर दिली होती. ते लग्न टिकलं नाही. चादर अजून टिकून आहे, असंही त्या म्हणाल्या.

मानित स्वतः शिकलेले होते. जन्मवाराच्या रंगांवर त्यांचा विश्वास नव्हता. ते बुधवारचे आणि बुधवारचा रंग हिरवा. परीक्षा, मुलाखती, सासऱ्यांकडे मागणी घालायला जाण्याचा दिवस, या सर्व प्रसंगी त्यांच्या अंगात हिरवा सदरा होता हे खरं. पण नेमका तोच इस्त्रीचा असायचा, त्याला ते काय करणार?

‘‘मग हिरवा,’’ मानित म्हणाले. ‘‘डोळ्यांना विसावा.’’

दाव्यांच्या खिडकीवरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिथे कुंग बसायची. कुंग म्हणजे कोळंबी, हे तिचं घरचं नाव. पण खिडकीवर बसलेल्या कुंगमध्ये कोळंबीचं काहीही उरलं नव्हतं. दालनातला निम्मा आरडाओरडा ग्राहकांचा असेल तर निम्मा तिचा होता, मुख्यालयाच्या अहवालात मात्र तो सगळा ग्राहकांच्या नावावर जायचा.

‘‘दादा, मला सरळ कामावरून काढून टाका. पण दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर हिरवं ठेवू नका. मी शनिवारची. हिरवी स्कूटर घेतली होती मी.’’

‘‘मग?’’

‘‘कालव्यात. दोनदा. दुसऱ्यांदा तर स्कूटर बंद होती.’’

पिवळ्याला चानाने हरकत घेतली. तो मंगळवारचा. शिवाय पिवळा आणि लाल हे दोन रंग सार्वजनिक भिंतीला देण्याआधी या देशात माणूस जरा इकडेतिकडे बघतो. त्याची कारणं जन्मवारात नाहीत, राजकारणात आहेत आणि ती इथे काढण्याचंही कारण नाही. जांभळ्याचं नाव निघताच दाराशी उभे असलेले पहारेकरी साककाका खाकरले. ते गुरुवारचे आणि गुरुवारच्याला जांभळा वर्ज्य. ‘‘माझं काय, मी आपला बाहेर उभा राहीन,’’ ते म्हणाले, ‘‘उन्हात.’’

‘‘नारिंगी लावा ना,’’ काकाच पुढे म्हणाले. ‘‘गुरुवारचा लाभाचा रंग. कुणाला हरकत नाही.’’

हरकत खरंच नव्हती. पण अरुणी मॅडम विचारात पडल्या. ‘‘एवढी मोठी नारिंगी भिंत म्हणजे समोर पंचवीस भिक्खू उभे असल्यासारखं वाटेल. त्यांच्यासमोर ‘तुमच्या दुखापतीला कंपनी एवढेच देते’ असं कुंगच्या तोंडून निघेल का?’’

‘‘माझ्या तोंडून निघेल,’’ कुंग म्हणाली. पण तिचं कुणी मनावर घेतलं नाही.

हा पेच मानित घरी घेऊन गेले आणि तिथे शेजारच्या लाओंगमावशींनी तो फुकटात सोडवला. मावशी निवृत्त शिक्षिका होत्या आणि निवृत्तीनंतर त्यांनी वर्ग फक्त शाळेबाहेर हलवला होता. ‘‘पांढरी करा. एवढा काय खल? भिंत म्हणजे पांढरी.’’

‘‘मावशी, पांढरी भिंत इस्पितळाची. अपघात झालेला माणूस, त्याला सगळं पुन्हा आठवायचं.’’

‘‘मग आठवू दे. चूक आठवली की माणूस सुधारतो,’’ मावशी म्हणाल्या आणि शेवयांचा घास घेऊन वन्नीला तिखट कमी असल्याचंही सांगून टाकलं.

तेवढ्यात रंगाच्या परवानगीसाठी पाठवलेल्या पत्राला मुख्यालयाचं उत्तर आलं. रंगाचं नुसतं नाव चालणार नाही, कागदावरचा नमुनाही चालणार नाही. प्रत्यक्ष भिंतीवर नमुने लावून त्यांचं छायाचित्र पाठवावं, मग निर्णय होईल. निर्णय कोण घेणार, ते कळवलेलं नव्हतं.

म्हणून रंगारी फोंग आला. फोंगला प्रत्येक रंग आवडायचा. ‘‘हा आत्ता फार चालतो,’’ असं तो निळ्याबद्दल म्हणाला, हिरव्याबद्दल म्हणाला, आणि मानित यांच्या शबनमकडे बघून तिच्याबद्दलही म्हणाला. नमुना म्हणजे तळहाताएवढा पट्टा, असं मानित यांनी त्याला बजावलं होतं. फोंगने एकेक नमुना दाराएवढा काढला. लहान नमुन्यात रंगाचा जीव गुदमरतो, असं त्याचं म्हणणं होतं. बाकाच्या वर, भिंतभर, एकाला एक लागून चौकोन उभे राहिले. कुठला चौकोन कुठे, यावरून अर्धा दिवस वाद झाला. निळा अरुणी मॅडमच्या खोलीतून दिसता कामा नये, हिरवा कुंगच्या समोर नको, जांभळा दारापासून लांब. सगळ्यांची सोय लावता लावता नारिंगी चौकोनासाठी एकच जागा उरली. ती नेमकी मानित यांच्या मेजासमोर होती.

‘‘लाव रे,’’ मानित म्हणाले. ‘‘मला काही फरक पडत नाही.’’

फोंगला एक युक्तीही सुचली होती. प्रत्येकाला एकच रंग नको असेल तर सगळे रंग एकत्र करावेत, म्हणजे कुणाचाच रंग राहणार नाही. मानित यांना हे तर्काला धरून वाटलं. फोंगने सगळ्या डब्यांतून थोडा थोडा रंग एका पत्र्याच्या डब्यात ओतला, काठीने ढवळला आणि भिंतीवर फासला. सगळे बघत राहिले. फासलेला रंग कुठे आहे तेच दिसेना.

‘‘लावलास ना?’’

‘‘लावला की. हा काय.’’

तो हुबेहूब जुन्या भिंतीचाच रंग होता. उकडलेली डाळ, त्यात चहा. मानित यांना आपल्याआधीच्या प्रशासन प्रमुखांची पहिल्यांदाच कणव आली.

मग फोंगने गाडीतून अर्धा उरलेला एक डबा आणला. कुठल्याशा सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानाचं काम झाल्यावर उरलेला गुलाबी. त्याने चौकोन काढला आणि तो मागे सरकताच सगळ्यांचे चेहरे उजळले. चाना मंगळवारचा, त्याचा तो लाभाचाच रंग. कुंगला चालत होता, काकांना चालत होता. अरुणी मॅडम म्हणाल्या, ‘‘मानितदादा, तुमच्या त्या तुरुंगाच्या गोष्टीतला हाच ना? जमलं! कुणाचीही हरकत नाही.’’

बुधवारी जन्मलेल्याला गुलाबी घात करतो.

मानित उभे राहिले. पुन्हा बसले. आपण शिकलेले आहोत आणि असल्या गोष्टी मानत नाही, हे त्यांनी या आठवड्यात मोठ्याने इतक्या वेळा सांगितलं होतं की आता ते मागे घ्यायला जागाच उरली नव्हती.

‘‘गुलाबी,’’ ते म्हणाले, ‘‘लवकर मळतो.’’

‘‘मळला तर पुन्हा देऊ.’’

‘‘उन्हाने उडतो.’’

‘‘ऊन आत येतच नाही, दादा.’’

‘‘तरी पण,’’ मानित म्हणाले, ‘‘मानसशास्त्रदृष्ट्या मला विचार करावा लागेल.’’

कुंगने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. ‘‘दादा, तुमचा वार कोणता हो?’’

‘‘वाराचा इथे काय संबंध!’’ मानित म्हणाले, आणि त्यांचा आवाज न्हाव्यापर्यंत गेला.

पुढचे काही दिवस नमुने तसेच राहिले. मानित नारिंगी चौकोनासमोर बसून विचार करत होते आणि त्यांची दाढ ठणकत होती. सण जवळ येत होता. गुलाबीला हो म्हणावं तर जन्माची धास्ती. नाही म्हणावं तर खोन केन, भाड्याची खोली आणि न धुतलेले कपडे. शेवटी एका रविवारी सकाळी ते आईसमोर जाऊन बसले. आई फणसाचे गरे काढत होती, लाओंगमावशी ते खात होत्या.

‘‘आई, मी बुधवारचाच ना? नक्की?’’

‘‘बुधवारचाच. का रे, मू?’’ आई त्यांना अजून मू म्हणायची. मू म्हणजे डुक्कर. गुटगुटीत बाळाला नजर लागू नये म्हणून ठेवलेलं नाव आणि बाळ गुटगुटीतच राहिलं. ‘‘संध्याकाळी झालास. कोंबड्या खुराड्यात गेल्या होत्या.’’

मानित यांचा हात गऱ्यावरच थांबला. ‘‘संध्याकाळी? मग मी आजवर...’’

‘‘दुपारी झाला तो,’’ लाओंगमावशी बी थुंकत म्हणाल्या. ‘‘मला चांगलं आठवतं. मी वह्या तपासत होते.’’

‘‘लाओंग, बाळंत मी होत होते की तू?’’

‘‘तू ओरडत होतीस. तुला कशी वेळ कळणार? मी शांतपणे ऐकत होते.’’

‘‘सुइणीने दिवा मागितला. दिव्यात तेल नव्हतं म्हणून ह्याचा बाप तुझ्याकडेच धावला. दुपारी दिवा कशाला लागतो गं?’’

लाओंगमावशींनी आणखी एक गरा घेतला. ‘‘तेल परत नाही दिलंत मात्र,’’ त्या एवढंच म्हणाल्या.

बुधवार दिवसाचा वेगळा आणि रात्रीचा वेगळा. रात्रीचा राहूचा, त्याचा लाभाचा रंग काळा. सगळे हिरवे सदरे मानित यांच्या डोळ्यांसमोरून गेले, नापास झालेल्या परीक्षेचा, नाकारलेल्या बढतीचा. वन्नीला मागणी घालायला जाताना घातलेल्या सदऱ्याचाही क्षणभर विचार आला, पण ती मागेच उभी होती.

‘‘म्हणजे गुलाबी मला चालतो?’’

‘‘गुलाबी तुला काय करणार?’’ आई म्हणाली. ‘‘तू नारिंगीपासून सांभाळ. राहूच्या माणसाला नारिंगी वाईट.’’

मानित यांनी गालावर हात ठेवला. दाढेचा उलगडा झाला, असं ते मुळीच म्हणाले नाहीत.

‘‘पण तुम्ही तर मानत नाही ना?’’ वन्नी म्हणाली.

‘‘नाहीच मानत,’’ मानित म्हणाले आणि फोंगला फोन करायला उठले. उद्या सकाळी ये, गुलाबीचे मोठे डबे घेऊन ये, सगळी भिंत एका रंगात. सगळ्यात आधी नारिंगीवर हात मार.

सोमवारी ते शाखेत शिरले तेव्हा फोंग डब्यांसह दारात बसून पपईची कोशिंबीर आणि चिकट भात खात होता. आत बाक भरलेलं होतं. तरीही काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय ते मानित यांना जरा वेळाने कळलं. कुणी ओरडत नव्हतं.

साककाका बाकापाशी उभे होते. नमुने लागल्यापासून दारात उभं राहून कंटाळलेल्या काकांनी लोकांना रंगांप्रमाणे बसवायला सुरुवात केली होती आणि भिंतीच्या विचारात बुडालेल्या मानित यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. एक भाजीवाली बाई आणि एक टेम्पोवाला एकदमच आत आले. शनिवारी बाजाराच्या वळणावर त्याचा टेम्पो तिच्या हातगाडीवर चढला होता आणि रस्ताभर दोघं एकमेकांचा उद्धार करत आली होती.

‘‘वार?’’ काकांनी विचारलं.

‘‘वार बिर काही नाही, माझे टोमॅटो...’’

‘‘टोमॅटो खिडकीवर. इथे वार सांगा.’’

‘‘सोमवार,’’ बाई म्हणाली.

‘‘मग लालखाली नको, पिवळ्याखाली बसा. सरका हो जरा. आणि तुमचा?’’

‘‘सोमवारच,’’ टेम्पोवाला म्हणाला.

‘‘बसा तिथेच, त्यांच्या शेजारी.’’

दोघं फुगून शेजारी बसली. पण एका वाराची माणसं फार वेळ गप्प बसत नाहीत. ‘‘यंदाचं वर्ष सोमवारच्यांना वाईटच आहे,’’ टेम्पोवाला भिंतीकडे बघत म्हणाला. ‘‘माझीही म्हैस गेली.’’ बाईने त्याच्याकडे पाहिलं. ‘‘कशाने?’’ आणि मग म्हशीचं निघालं. खिडकीवर नंबर लागला तेव्हा तीच त्याला म्हणाली, ‘‘तुम्ही आधी जा, मला घाई नाही.’’ पलीकडे कुंग हळू आवाजात बोलत होती. ओरडायला समोर कुणी नसल्यामुळे तिचाही नाइलाज झाला होता.

निळ्या चौकोनाखाली चष्मा लावलेली, करड्या पोशाखातली एक बाई मांडीवर पिशवी घेऊन सगळं बघत बसली होती. फोंगने ब्रश भिजवला आणि नारिंगीकडे वळला, तेव्हा ती उठली.

‘‘थांबा. काय करताय?’’

‘‘भिंत रंगवतोय, मॅडम,’’ मानित म्हणाले. ‘‘गुलाबी. मानसशास्त्रदृष्ट्या...’’

‘‘तुम्हीच मानित का? मी प्रपा. मुख्यालयातून आले. खिडकी हलवायची की नाही, ते ठरवायला.’’ सकाळपासून ती बाकावर बसून होती. आत आल्या आल्या काकांनी तिलाही वार विचारला होता आणि शुक्रवार म्हणताच निळ्याखाली नेऊन बसवलं होतं. ‘‘ही कल्पना तुमची?’’

दालनातले सगळे मानित यांच्याकडे बघू लागले. खरं सांगायचं तर ही कल्पना कुणाचीच नव्हती. पण खोन केनच्या भाड्याच्या खोलीचा विचार मनात आला की माणूस लवकर बोलतो.

‘‘शिबिरात ऐकलं, त्यावर विचार केला,’’ मानित म्हणाले. ‘‘बाकी सगळ्यांचं सहकार्य.’’

‘‘त्या शिबिरात मीही होते,’’ प्रपा मॅडम म्हणाल्या. ‘‘मला झोप लागली.’’ मग त्यांनी भिंतीचं छायाचित्र काढलं, दोन्ही बाजूंनी काढलं. ‘‘खिडकी इथेच राहील. पण या भिंतीतला एक चौकोनही बदलायचा नाही. कुणी बदलला तर मला कळलं पाहिजे.’’

‘‘एखादा चौकोन, मॅडम,’’ मानित म्हणाले, ‘‘समजा, हा नारिंगी. तो जरा भडक...’’

‘‘का? तुमची काही हरकत आहे?’’

फोंगचा ब्रश थांबला. चाना मान वर करून बघू लागला. अरुणी मॅडम खोलीच्या दारात आल्या. कुंगने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. एक शब्द पुरेसा होता. तो शब्द तोंडाशी आलाही होता आणि दाढही ठणकत होती.

‘‘छे,’’ मानित म्हणाले. ‘‘माझी कसली हरकत! मी असलं काही मानत नाही.’’

सणाआधी शाखेला मुख्यालयाचं प्रशस्तिपत्र आलं. वन्नीने ते दुकानात कढईच्या वर लावलं. गिऱ्हाइकांनी विचारलं की ती म्हणायची, ‘‘आमच्या ह्यांनी भिंतीवर केलंय काहीतरी.’’ लाओंगमावशींनी ते तपासलं आणि त्यातली शुद्धलेखनाची चूक दाखवून दिली.

सणानंतर कामावर परतलेले मानित आपल्या मेजाशी बसले. समोर नारिंगी चौकोन होता आणि सेवानिवृत्तीपर्यंत तिथेच राहणार होता. त्यांनी खिशातून रुमालाची घडी काढली, उलगडली आणि तिच्यातला काळाकुट्ट चष्मा डोळ्यांवर चढवला.

कुंग चहा घेऊन आली. कप ठेवला, पण गेली नाही.

‘‘दादा, हा चष्मा?’’

‘‘डोळ्यांना त्रास होतो.’’

‘‘रंगाचा?’’

‘‘उजेडाचा.’’

कुंगने एकदा नारिंगी चौकोनाकडे पाहिलं, एकदा चष्म्याकडे. मग कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, ज्या आवाजात तिला बोलता येतं हे आत्ताआत्तापर्यंत शाखेत कुणालाच ठाऊक नव्हतं, तिने विचारलं, ‘‘संध्याकाळचे का?’’

मानित यांनी चहाचा घोट घेतला.

‘‘कोंबड्या खुराड्यात गेल्यानंतर,’’ ते म्हणाले.